अंतिम शुश्रूषेची पारख

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील आनंदाचा टप्पा. अशा मंगल प्रसंगी मरणासन्न रुग्णाच्या शुश्रूषेचा विषय निवडला जावा, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जैन परंपरेने मृत्यूला अमंगल मानून कधी दाराआड लोटलेले नाही. तीर्थंकरांच्या पाच कल्याणकांत निर्वाण हेही एक कल्याणक आहे आणि आपल्याकडे दिवाळी साजरी होते ती भगवान महावीरांच्या निर्वाणाची स्मृती म्हणून. श्रावकाच्या तीन मनोरथांपैकी तिसरा मनोरथ समाधिमरणाचाच आहे. ते मरण ज्या खाटेवर येणार, त्या खाटेशेजारी कोण असेल, ते काय करतील आणि किती चांगले करतील, याचा विचार करणे हेही धर्मचिंतनच होय.

हा विषय आता कोणत्याच घराला दूरचा राहिलेला नाही. मुले शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी पुण्या-मुंबईकडे गेली आणि गावातील दुकान व जुने घर सांभाळत वडीलधारी मंडळी मागे राहिली. कर्करोग, पक्षाघात, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणे, स्मृतिभ्रंश असे दीर्घ आजार वाढले. मोठ्या रुग्णालयात उपचारांची शर्थ होते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." त्या दिवसापासून अखेरच्या श्वासापर्यंतचे आठवडे किंवा महिने कुटुंबाने कसे काढायचे, याचे उत्तर बहुतेक घरांकडे नसते. हॉस्पिस, म्हणजेच अंतिम शुश्रूषेचे केंद्र, आणि उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, यांचे काम त्या दिवसापासून विशेष महत्त्वाचे ठरते. खरे तर उपशामक सेवा उपचार चालू असतानाच जोडीला सुरू व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आपला समाज व्यापारी समाज आहे. कापड घेताना घडीवर न भुलता ती उलगडून, उजेडापुढे धरून, सूत ओढून पाहण्याची आपली रीत. मात्र शुश्रूषासंस्था निवडताना, किंवा तिला देणगी देताना, इमारत, फरशी आणि देणगीदारांच्या नावांची शिला पाहून समाधान मानले जाते. अशा संस्थेची पारख कशी करावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एका विचाराचा प्रवास

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये झाली. सिसिली सॉन्डर्स या विदुषी प्रथम परिचारिका, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात मनाची भीती, कुटुंबाची आणि पैशाची चिंता व आत्म्याची तळमळ मिसळलेली असते आणि चारही बाजूंनी उपाय केल्याविना ती शमत नाही, असा विचार त्यांनी वैद्यकशास्त्राला दिला.

भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच निघाले. कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना आश्रम सुरू झाला. १९९३ मध्ये केरळात कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. गावोगावचे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जाऊन सेवा करतात, हा तिथला मार्ग पुढे जगभर अभ्यासला गेला. आपल्या पुणे जिल्ह्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र कार्यरत आहे. तेथे रुग्णाला विनामूल्य सेवा मिळते आणि घरातील एक माणूस रुग्णाजवळ राहू शकतो. शासनाच्या पातळीवर केरळने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये या सेवेचे धोरण स्वीकारले; २०१२ मध्येच राष्ट्रीय कार्यक्रमही आखला गेला.

असे असूनही देशाचे एकंदर चित्र समाधानकारक नाही. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' समूहाच्या संशोधन विभागाने २०१० मध्ये मरणकालीन सेवेच्या दर्जानुसार ४० देशांची क्रमवारी लावली, तेव्हा भारत चाळिसावा, म्हणजे शेवटचा होता. २०१५ मध्ये ८० देशांत तो ६७ वा होता. दोन्ही वेळा पहिला क्रमांक ब्रिटनचा. इंग्लंडमध्ये शासकीय नियामक मंडळ हॉस्पिसची तपासणी करून तिचा निकाल जाहीर करते. अमेरिकेत रुग्णाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी कुटुंबीयांकडे प्रश्नावली पाठवली जाते आणि उत्तरांचा गोषवारा सर्वांना पाहता येतो. आपल्याकडे सामान्य माणसाला हाताशी घेता येईल अशी तुलना उपलब्ध नाही. त्यामुळे पारखण्याचे काम कुटुंबावर आणि समाजाच्या विश्वस्त संस्थांवर येऊन पडते.

आपल्या परंपरेतील मोजपट्टी

या कामासाठी लागणारी मोजपट्टी आपल्या ग्रंथांत फार पूर्वीपासून आहे. बारा प्रकारच्या तपांपैकी सहा आभ्यंतर तपे आहेत आणि त्यांत वैयावृत्य, म्हणजे रोगी, वृद्ध व थकलेल्यांची सेवा, हे एक तप आहे. सेवेला उपकार न मानता तप मानले, की ती करणाऱ्याच्या मनात अहंकार शिरत नाही.

आचार्य शिवार्य यांचा 'भगवती आराधना' हा प्राकृत ग्रंथ समाधिमरणाचा सविस्तर विचार करतो. सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी त्यात अठ्ठेचाळीस निर्यापकांची योजना सांगितली आहे. चार-चार जणांचे गट करून कामे वाटून दिली आहेत. काहींनी क्षपकाला उठवावे, बसवावे, कूस बदलावी. काहींनी धर्मकथा सांगावी. काहींनी आहाराची आणि काहींनी पेयाची व्यवस्था पाहावी. काहींनी मलमूत्राची स्वच्छता करावी. काहींनी दारावर थांबून अनावश्यक गर्दी रोखावी. आणि चार जणांनी रात्री जागावे. इतके साधू उपलब्ध नसतील तर संख्या कमी करता येते, परंतु दोनांपेक्षा कमी नाही. एकच सेवक असेल तर तो स्वतःच्या आहारासाठी बाहेर पडताच क्षपक एकटा पडतो आणि न गेल्यास सेवकच कोलमडतो, हे त्यामागचे कारण.

आजच्या हॉस्पिसचे कर्मचारी-पत्रक काढून पाहिले तर त्यात याहून वेगळे काय असते? अंग सांभाळणारी परिचारिका, मनाला आधार देणारा समुपदेशक, आहार पाहणारा, स्वच्छता करणारा, भेटीच्या वेळा सांभाळणारा आणि रात्रपाळीचा माणूस. यांतील रात्री जागणाऱ्या चौघांवरच आजच्या विवेचनाचा मुख्य भर आहे. दिवसा डॉक्टर असतात, देणगीदार असतात, पाहुणे असतात. वेदना मात्र बहुधा रात्री वाढते आणि भीतीही रात्रीच दाटते. म्हणून अंतिम शुश्रूषा देणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा रात्री होते. रात्री दोन वाजता रुग्ण कण्हू लागला तर कोण येते, किती वेळात येते आणि त्याच्या हाती काय असते, या एका प्रश्नाच्या उत्तरात संस्थेचा बहुतेक दर्जा कळून येतो.

वेदना आणि औषध

पारखीचा पहिला मुद्दा वेदनाशमनाचा. चांगल्या संस्थेत नाडी आणि ताप पाहावा तशी वेदनाही नियमित विचारली जाते. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापाने रुग्णाला आकडा विचारून तो नोंदवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला साधे वेदनाशामक, तीव्र वेदनेला मॉर्फीन, आणि औषध शक्यतो तोंडाने व ठरलेल्या वेळी. वेदना उसळण्याची वाट न पाहता ती उसळू नये म्हणून औषध द्यायचे, हे त्यातील मर्म.

मॉर्फीनचे नाव काढताच अनेक घरांत धास्ती पसरते. हे अफूच्या बोंडाच्या चिकापासून मिळणारे औषध आहे. वेदनेच्या प्रमाणात, जाणकार डॉक्टरच्या देखरेखीखाली दिल्यास त्याचे व्यसन लागण्याचा संभव फार कमी असतो आणि त्याने मरण लवकर येत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ वाटते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र टिकते. म्हणून मॉर्फीन सुरू करताना सोबत सारक औषध लिहून दिले आहे की नाही, हे कोणाही कुटुंबीयाला पाहता येण्याजोगे चिन्ह आहे. ते दिलेले नसेल तर देणाऱ्याला या विषयाचा सराव नाही, असे समजण्यास जागा आहे.

भारतात शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते, तरी आपलेच रुग्ण दीर्घकाळ या औषधाला पारखे राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदींमुळे रुग्णालये मॉर्फीन ठेवण्यास कचरू लागली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले. म्हणून संस्थेला सरळ विचारावे: मॉर्फीन ठेवण्याची मान्यता आपणाकडे आहे काय, आणि साठा कधी संपतो काय? ज्या केंद्राकडे ते नाही, तेथे खाटा कितीही असल्या तरी तीव्र वेदनेचे उत्तर अपुरेच राहील.

येथे एक धार्मिक शंका प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. औषधाच्या गुंगीत नवकार मंत्राचे स्मरण राहील काय, जागृती हरपून समाधी बिघडणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु आपल्याच शास्त्रात आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेदनेचे सतत चिंतन हा एक प्रकार आहे. असह्य कळा सोसणाऱ्याचे चित्त मंत्रापेक्षा कळेकडेच अधिक ओढले जाते. योग्य मात्रा तीच, जिने कळ शमते आणि भान राहते. रुग्णाला किती जागृत राहायचे आहे हे त्याला विचारून मात्रा ठरवणारी संस्था उत्तम. ओरड नको म्हणून झोपवून ठेवणारी संस्था टाळावी.

देहाची निगा

दुसरा मुद्दा देहाच्या निगेचा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा पाठीला आणि माकडहाडाला शय्याव्रण होतात. तोंड कोरडे पडते, जिभेवर पांढरा थर जमतो. दिवसातून अनेकदा तोंड पुसून ओलावा द्यावा लागतो. काही जखमांना दुर्गंधी येते आणि त्या लाजेने रुग्ण नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर लावण्यासारख्या स्वस्त उपायाने ती दुर्गंधी पुष्कळ कमी होते. धाप लागलेल्या माणसाला चेहऱ्यावर येणाऱ्या पंख्याच्या वाऱ्यानेही आराम पडतो.

म्हणून संस्था पाहायला जावे ते सूचना न देता. स्वागतकक्षात न रेंगाळता परवानगीने वॉर्डात जावे. ओठ ओलसर आहेत काय, नखे कापलेली आहेत काय, चादर सुकी आहे काय, वास कसा आहे, परिचारिका रुग्णाला नावाने हाक मारते की खाटेच्या क्रमांकाने, हे पाहावे. कूस बदलल्याच्या वेळांची नोंदवही मागावी.

आचारधर्माचा आदर

तिसरा मुद्दा आपल्या समाजाला विशेष जिव्हाळ्याचा. कंदमूळवर्जित आहार, उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन, साधू-साध्वींचे दर्शन व मांगलिक, या गोष्टी रुग्णाच्या मनःशांतीचा भाग आहेत. त्या पुरवता येतील काय, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. औषधांच्या कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. तेथे शक्यतो गोळी किंवा पातळ औषध मागता येते.

खरा पेच चौविहाराचा आहे. मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते, म्हणजे रात्रीही मात्रा येतात. चौविहार पाळणारी वृद्ध श्राविका रात्री तोंड मिटून घेते आणि कळा सोसते. चांगली संस्था तिच्यावर रागावत नाही किंवा हसतही नाही. सुमारे बारा तास परिणाम टिकणारी गोळी सूर्यास्तापूर्वी देता येईल काय, वेदना स्थिर असेल तर तीन दिवस चालणारी फेंटॅनिलची त्वचेवरील पट्टी योग्य ठरेल काय, याचा विचार तेथील डॉक्टर करतात. आणि प्रत्याख्यानाच्या पाठातच समाधी टिकावी यासाठी सर्वसमाधिप्रत्ययिक आगाराची सवलत ठेवलेली आहे, हे तिला गुरुभगवंतांच्या मुखातून कळावे म्हणून त्यांची भेट घडवून आणतात. शास्त्रकारांनी व्याधीची तीव्रता जाणून ही सूट ठेवली. ती न सांगता रुग्णाला तळमळत ठेवणे हे धर्माचे पालन म्हणता येणार नाही.

न लोटणे, न ओढून धरणे

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. सल्लेखनेच्या पाच अतिचारांत पहिले दोन आहेत जीविताशंसा आणि मरणाशंसा, म्हणजे अधिक जगण्याची लालसा आणि लवकर मरण्याची इच्छा. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये उपशामक सेवेची जी व्याख्या केली, तिच्यातही ही सेवा मृत्यू लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शेकडो वर्षांचे अंतर असलेले दोन विचार एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

संस्थेची पारख या दोन्ही बाजूंनी करावी. अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभाग, नळ्या आणि तपासण्यांचा आग्रह धरणारी संस्था जीविताशंसेला खतपाणी घालते. उलट, रुग्ण कंटाळला आहे, खर्च वाढतो आहे, आता संथारा द्या, असे सुचवणारी संस्था मरणाशंसेचा दोष करते. शरीर मिटत आले की भूक आपोआप मंदावते. त्या वेळी बळेच भरवल्यास ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. हे नैसर्गिक आहे, रुग्णाला कोणी उपाशी ठेवत नाही, असे कुटुंबाला समजावणे हे सेवकाचे काम. परंतु भूक जाणे आणि संथारा घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संथारा हे जागृत मनाने, गुरूंच्या आज्ञेने स्वीकारलेले व्रत आहे. तो निर्णय संस्थेचा नाही आणि थकलेल्या कुटुंबाचाही नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा बेकायदेशीर ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने, बरे होण्याची आशा नसताना केवळ जीव लांबवणारे उपचार नाकारण्याचा आगाऊ लेखी निर्देश करण्याचा अधिकार मान्य झाला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी करण्यात आली. आता तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. हे सर्व घाई न करता कुटुंबाला नीट समजावून सांगणारा माणूस संस्थेत आहे काय, ते पाहावे.

पैशाचा हिशेब

पाचवा मुद्दा हिशेबाचा. विनामूल्य सेवा म्हणजे कनिष्ठ सेवा आणि महाग सेवा म्हणजे श्रेष्ठ, असा समज बाळगू नये. शुल्क असेल तर ते प्रथम दिवशी लेखी सांगितले जावे. रुग्ण खाटेवर असताना देणगीची आठवण करणे हे असभ्य आहे. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात; देणगीदाराने ते मागून वाचावेत. इमारतीवर किती, पगारावर किती आणि औषधावर किती खर्च झाला, हे पाहिले की संस्थेचे मन कळते. परिचारिकांचा पगार तुटपुंजा असेल तर त्या टिकत नाहीत आणि दर तीन महिन्यांनी नवी परिचारिका आली तर रुग्णाला ओळखणारे कोणीच राहत नाही.

पासलीच्या वाटेवर

आता ही मोजपट्टी आपल्या भागाला लावून पाहू. पासली हे गाव वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर आहे. समजा, तेथील एका दुकानदाराच्या वृद्ध मातोश्रींना अन्ननलिकेचा कर्करोग आहे आणि उपचार थांबले आहेत. महिना श्रावणाचा. पाऊस कोसळतो आहे, विजेचा आणि मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. वारज्याच्या केंद्रापर्यंत जायचे तर वेल्हे, नसरापूर, चेलाडी फाटा, खेड शिवापूर, कात्रजचा नवा बोगदा असा प्रवास. निरोगी माणसालाही तो शिणवतो. शिवाय मातोश्रींची इच्छा आहे की देह स्वतःच्या घरात, घरातील देवासमोर ठेवावा.

अशा कुटुंबाला शहरातील उत्तम खाटेपेक्षा घरी येणारी मध्यम सेवा अधिक उपयोगी पडते. म्हणून संस्थेला विचारायचे प्रश्नही बदलतात. गृहभेटीची हद्द कुठपर्यंत? एका वेळी किती दिवसांचे मॉर्फीन देता? फोन रात्री कोण उचलते, आणि तो उचलणारा सल्ला देण्याइतका जाणकार आहे काय? गावातील डॉक्टर, आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांना आपण शिकवून जाता काय? घरातील सुनेला कूस बदलणे, तोंडाची निगा आणि औषधाची नोंद करायला कोणी प्रत्यक्ष करून दाखवते काय? आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या विस्तारित सेवांमध्ये उपशामक सेवेचा समावेश आहे. तेव्हा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची काय स्थिती आहे, हेही नम्रपणे पण पाठपुरावा करून विचारले पाहिजे.

आणि त्या सुनेकडेही पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत अठ्ठेचाळीस निर्यापकांचे काम ती एकटी करीत असते. दोनांपेक्षा कमी नकोत, हा ग्रंथकारांचा नियम येथे रोज मोडतो. तिला आठवड्यातून चार तास विश्रांती मिळवून देणारी संस्था, रुग्ण गेल्यावर पंधरा दिवसांनी तिची विचारपूस करणारी संस्था, ही खऱ्या अर्थाने वैयावृत्य करणारी संस्था समजावी.

समाजाचे कर्तव्य

म्हाताऱ्या बैलाला आणि जखमी पाखराला अखेरपर्यंत सांभाळण्यासाठी ज्या समाजाने पांजरपोळी उभारल्या, त्याला ही कल्पना परकी नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निधी जमेल तेव्हा नवी वास्तू बांधण्याची सूचना स्वाभाविकपणे येईल. तत्पूर्वी तीन साध्या गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली, साहित्याची पेढी. मान उंचावता येणारी खाट, हवेची गादी, ऑक्सिजन यंत्र, शौचाची खुर्ची, ही साधने रुग्णाच्या घरी उसनी पोचावीत आणि काम झाल्यावर स्वच्छ होऊन परत यावीत. दुसरी, प्रत्येक मोठ्या गावात निदान दोन प्रशिक्षित सेवक. केरळात सामान्य गृहिणी आणि दुकानदार हे काम शिकले. आपल्याकडेही शिकता येईल. तिसरी, दरवर्षीची पारख. ज्या कुटुंबाने शुश्रूषासंस्थेची सेवा घेतली, त्यांना दोन-तीन महिन्यांनी, त्या संस्थेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने चार प्रश्न विचारावेत: वेदना आटोक्यात होती काय? रात्री हाक मारल्यावर कोणी आले काय? रुग्णाच्या धर्माचा आणि इच्छेचा मान राखला गेला काय? घरच्यांना काही शिकवले गेले काय? उत्तरे नावे वगळून वार्षिक सभेत वाचून दाखवावीत. उणीव दिसल्यास ती संस्थेला सद्भावनेने कळवावी. उत्तम काम दिसल्यास तिला मदत वाढवावी. यासाठी वास्तूही नको आणि मोठा खर्चही नको.

देणगीची शिला दिवसा वाचली जाते. ज्यांच्यासाठी दान दिले, ते त्या रात्री जागे असतात. त्यांच्या खाटेशेजारी जागणारे दोन हात तयार करणे आणि ते हात खरोखर जागे आहेत याची दरवर्षी खात्री करून घेणे, हा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.